साळुंकीची भाषा

कोणे एके काळी तळ्याच्या बांधात मुंग्या आणि गोगलगायी राहत. मुंग्यांच्या बोलीत नुसते हुकूम होते. गोगलगायींच्या बोलीत नुसती नावं; हाक ऐकली की ज्यानं त्यानं आपलं काम ओळखायचं. साळुंकीनं दोन्ही जोडून एक भाषा केली: आधी नाव, मग हुकूम.

"नाव घेण्यात वेळ जातो," मुंग्या म्हणाल्या.

"हुकूम सोडणं आम्हाला शोभत नाही," गोगलगायी म्हणाल्या.

एके दिवशी बांधाला भगदाड पडलं. "भोक बुजवा!" मुंग्या ओरडल्या. नाव न घेतल्यानं गोगलगायी हलल्या नाहीत. "मुंग्यांनो!" त्यांनी हाक मारली. मुंग्या हुकमाची वाट पाहत थांबल्या.

साळुंकी उडत आली तेव्हा बांध वाहून गेला होता. "गोगलगायींनो, वर चढा! मुंग्यांनो, काडी धरा!" घसा बसेपर्यंत ती गढूळ पाण्याला सांगत राहिली.