उंच होण्याचा हुकूम

"दसऱ्यापर्यंत उंच व्हा, नाहीतर घरी बसा!"

राजा दुर्जयसेनाचा हा हुकूम ऐकून मुदपाकखान्यातल्या बायकांनी कपाळाला हात लावला. राजाने परदेशी कारागिराकडून एक यंत्रहात आणला होता. बायकांनी लाडू वळून त्याच्या पंजात ठेवायचा, त्याने तो थाळ्यात रचायचा. पण पंजा बेतला होता उंच्यापुऱ्या कारागिराच्या मापाने! पाटावर बसून लाडू वळणाऱ्या बायका आता दिवसभर टाचा उंचावून उभ्या राहत. जरा उशीर झाला की पंजा ठणठण वाजे. खांदे भरून येत, पोटऱ्यांत गोळे येत. यंत्र खाली घ्या म्हटलं, तर राजा म्हणाला, "एवढं देखणं यंत्र! ते हलणार नाही, थांबणार नाही. तुम्हीच वाढा!"

आता माणूस काय भोपळ्याचा वेल आहे, खत घातलं की वाढायला?

लाडू वळणारी येसू मात्र म्हणाली, "वाढू की महाराज! पण दसऱ्याची पहिली परात राजानं वळायची, ही आपल्या घराण्याची रीत. यंदा ती यंत्राशी उभं राहून वळावी. आम्ही बघून शिकू."

"त्यात काय मोठंसं!" राजा ऐटीत म्हणाला.

दसरा उजाडला. राजा ताडमाड, त्या कारागिराहूनही दीड हात उंच; पंजा आला त्याच्या ढेरीखाली. वाकून वाकून बिचाऱ्याची कंबर धरली. एक लाडू ठेवतो न ठेवतो तोच ठणठण! तूप कोपरापर्यंत ओघळलं, पगडी कानावर आली.

"अरे, थांबवा याला!"

"थांबवणार कसं महाराज? आपलाच हुकूम आहे," शेजारी उभा प्रधान म्हणाला.

"मग वर तरी घ्या! माझी कंबर मोडली!"

"यंत्र हलायचं नाही महाराज," येसू हात जोडून म्हणाली. "आपणच जरा बुटके व्हा की!"

प्रधानाने भीतीने डोळे मिटले. राजाने डोळे वटारले. साऱ्याजणींची भाकरी पणाला लागली होती. तरी येसू म्हणाली, "महाराज, कुऱ्हाडीचा दांडा हाताच्या मापानं तासतात. दांड्यासाठी हात तासलेला कुणी पाहिलाय?"

राजा आधी गुरगुरला, मग असा खदाखदा हसला की हातातला लाडू फुटला.

"हरलो! यंत्र बायकांच्या मापानं बसवा! आणि पोरी, तुला काय हवं? सोनं माग, गाव माग!"

"यंत्राची किल्ली द्या महाराज. कधी चालवायचं नि कधी थांबवायचं, ते आम्ही ठरवू."

"दिली! वर सोन्याचं कडंही दिलं!" राजा कंबर धरून हसतच म्हणाला. "पण आधी ती किल्ली फिरव गं बाई, हा मेला अजून लाडू मागतोय!"