गोदाक्काचा उपास

“म्हणजे तो बोकड खुर्चीवर बसतो?” कमालबाबांनी विचारलं.

“बसत नसेल. खुर्चीला बांधत असतील,” मार्तंडराव म्हणाले. “पण सगळ्या गावाने मतं देऊन त्याला सरपंच केलंय, असं छापलंय.”

“आणि कारभार?” बाबांनी मान हलवत विचारलं.

“कारभार कारकून बघतो.”

“मग आपल्यासारखंच की!” बाबा मनापासून हसले.

तळ्याकाठच्या तकियात, कमालबाबांच्या मठीत, दर बुधवारी असंच चाले. मार्तंडराव गावच्या वाचनालयाचे चिटणीस. वाचनालयाबाहेरचा काळा फलक बावीस वर्षं तेच लिहीत आले होते. सकाळी सहाला पाच वर्तमानपत्रं वाचायची आणि त्यांतलं निवडून खडूने चार ओळींत बसवायचं. थोडं विज्ञान, थोडं राजकारण, एखादी नवलाची गोष्ट. इतक्या वर्षांत एक अक्षर खोडावं लागलं नाही, हे नव्या माणसाला ते पहिल्या पाच मिनिटांत सांगत. कमालबाबांची नजर गेली, तेव्हापासून आठवड्याच्या बातम्या ते या फकिराला तकियात येऊन वाचून दाखवत.

आज मात्र त्यांचा आवाज लागत नव्हता.

“पुढची?” बाबांनी विचारलं.

“अष्टपाद. समुद्रातला प्राणी. त्याला तीन हृदयं असतात.”

“तिन्ही एकदम दुखतात, की पाळीपाळीने?”

“तसं काही छापलेलं नाही.”

“छापायला हवं होतं.”

मार्तंडरावांनी बातम्यांची वही मिटली.

“बाबा, एक काम होतं. गोदाक्का दवाखान्यात आहे.”

गोदाक्का फलकाशेजारी फुलं विकायची. तिला वाचता येत नसे. फलकापुढे थांबणाऱ्या कुणाला तरी ती रोज मोठ्याने वाचायला लावी, आणि जे कानावर पडेल ते गाठीला बांधून घरी नेई. सोमवारी ती टोपलीवरच कोसळली. गेले एकोणीस दिवस ती अर्ध्या भाकरीवर होती, मार्तंडरावांनी सांगितलं.

“का?”

“फलकावर आलं होतं. कमी जेवणारे जास्त जगतात, असं शास्त्रज्ञांना आढळलं म्हणून.”

“तिला जास्त जगायचंय?”

“मुलगा बोटीवर असतो. सहा वर्षं झाली, येतो येतो म्हणतोय. तो येईपर्यंत टिकायचं, म्हणते.”

बाबांनी मान तिरपी करून कान पुढे केला.

“डॉक्टर म्हणतात, आज-उद्या पोटात अन्न गेलं नाही तर काही खरं नाही. पण ही ताट परत लावते. डॉक्टरांना म्हणाली, तुम्ही आत्ता आलात, फलक बावीस वर्षांचा आहे.”

हे सांगताना मार्तंडरावांचा आवाज जरासा ताठ झाला. त्यांना स्वतःलाच तो ऐकू आला. ते घाईने पुढे म्हणाले, “तुम्हाला ती मानते. तुम्ही चला माझ्याबरोबर. नुसतं जेव म्हणा, बास.”

“फलक चुकला म्हणून सांगू?”

“नाही, नाही! बातमी खरी आहे. कात्रण ठेवलंय मी.”

“मग तिने का जेवावं?”

“तिची गोष्ट वेगळी आहे.”

“वेगळी कशी? ती कमी जेवते. म्हणजे जास्त जगेल.”

“तसं नाही हो बाबा.”

“मग फलक चुकला.”

“फलक बरोबर आहे!”

मार्तंडरावांनी कपाळ पुसलं. बातमी खरी होती. गोदाक्का मरणाच्या दारात होती, हेही खरं होतं. कात्रण खरं धरलं तर गोदाक्का खोटी ठरत होती, आणि गोदाक्काकडे पाहिलं तर कात्रण. अशा दोन ओळी एका फलकावर त्यांनी कधी लिहिल्या नव्हत्या.

बाबांनी चाचपडत शेजारचं ताट पुढे ओढलं. दुपारची भाकरी आणि पिठलं होतं. त्यांनी तुकडा मोडला, पिठल्याला लावला, तोंडापाशी नेला...

आणि परत ताटात ठेवला. ताटावर झाकण घातलं.

“काय झालं?” मार्तंडरावांनी विचारलं.

“बावीस वर्षांचा फलक म्हणतोस. मलाही अजून थोडं जगावंसं वाटतं.”

“थट्टा नका करू. वय काय तुमचं! जेवा.”

“किती दिवस उपास करायचा, ते लिहिलं होतंस?”

“बाबा, आधी जेवा.”

“का?”

“कारण...”

तळ्याकाठी कोणीतरी कपडे आपटत होतं. आपटणं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

“कारण ते उंदीर होते!” मार्तंडराव एकदम ओरडले.

“कोण?”

“कमी जेवून जास्त जगलेले. प्रयोगातले उंदीर होते ते. चौथ्या ओळीत मावत नव्हते. त्या दिवशी एका मंत्र्याने तिसऱ्यांदा पक्ष बदलला होता. तिन्ही पक्षांची नावं लिहायची, म्हणजे अडीच ओळी तिथेच गेल्या... मग मी उंदीर गाळले.”

“हे तुझ्या लक्षात कधी आलं?”



“खडू खाली ठेवतानाच. म्हटलं, उद्या पुसायचंच आहे. एका दिवसाने कुणाचं काय बिघडतंय.”

बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली. बोकडाची बातमी ऐकताना हलवली होती, तशीच.

मार्तंडराव उठले. “तुम्ही नका येऊ. मीच जातो. तिला सांगतो, फलक चुकला. तिथे सगळ्यांसमोर सांगतो.”

त्यांनी वहाणा घातल्या. दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याशी अडखळल्यासारखे थांबले.

“पण बाबा, उंदीर खरंच जास्त जगले. ते काही मी मनाचं लिहिलं नव्हतं. आणि तरी ही बाई... माझं डोकं चालेनासं झालंय. एवढंच सांगा, माझी बातमी खरी होती की खोटी?”

बाबांनी झाकलेलं ताट तसंच फडक्यात बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली. मग आवाजाच्या दिशेने हात लांब करून ते गाठोडं मार्तंडरावांपुढे धरलं.

“ते तिला विचार. ती जेवल्यावर.”