नावेचे डोळे आणि डोहातला यक्ष

फार पूर्वी शंखावती नगरात सुधनु नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या नदीच्या डोहात यक्ष होऊन जन्मले होते. देह केवढा म्हणाल, तर ताडाच्या शेंड्यावरचा कावळा त्यांना हात न उंचावता उडवता येई. सुळे नांगराच्या फाळाएवढे, डोळे तांब्याच्या परातींसारखे. आणि खाणे काय? शिंगाडे, आणि काठावरून पाण्यात गळून पडलेली जांभळे. एवढ्या देहाला जांभळे कशी पुरत असतील, याचा ज्याला घोर लागेल त्याने तो खुशाल करीत बसावा. आपण पुढे जाऊ.

या यक्षाला कोणी कधी फुलाची पाकळी वाहिली नव्हती. लोकांना तो डोहात असल्याची नुसती कुणकुण होती.

घाटावरच्या सगळ्या नावा सोमिलशेटच्या. शंखावतीची एक रीत होती. पावसाळा सरला की नावा काठावर ओढून वाळवायच्या, फळ्यांच्या सांध्यांतला कुजका ताग काढून नवा ठासायचा, वर तापलेली राळ ओतायची, आणि हे सारे झाल्यावरच नावेच्या तोंडावर दोन डोळे रंगवायचे. डोळे ताजे असले की माणसे निर्धास्त चढत. लेकराला आत बसवण्याआधी आई नावेच्या डोळ्यांकडे बघून घेई.

त्या वर्षी पैलतीरावरची जत्रा तोंडावर आली आणि राळ तापवायला सवड उरली नाही. सोमिलशेटने नुसते डोळे तेवढे रंगवून घेतले.

वारा नव्हता, लाट नव्हती. भरलेली नाव डोहाच्या मध्यावर गेली आणि शेंग उकलावी तशी उकलली. काठावरच्यांना किंकाळीसुद्धा नीट ऐकू आली नाही. बाहुक नावाचा नावाडी सुकाणूला धरूनच तळाला गेला. मग पाणी पुन्हा सपाट झाले, आणि नावेच्या तोंडाची एक फळी तरंगत येऊन घाटाच्या पायरीला टकटक करू लागली. तिच्यावर एक डोळा होता.

सोमिलशेटने कोणी बघायच्या आत ती उचलली आणि गवताच्या गंजीत दडवली. पण डोळा काही गंजीत राहीना. जेवायला बसावे तर तो ताकाच्या वाटीतून बघे. आंघोळीला बसावे तर घंगाळातून.

दुसऱ्या दिवशी दाराशी गर्दी जमली.

"शेटजी, बाहेर या!"

"माझी पोर कुठे आहे, एवढेच सांगा!"

"येत नाहीत कसे? नावेत चढवताना तर हात धरून चढवत होते!"

सोमिलशेट माजघरात खांबाला टेकून बसला होता. परसदारातून मधुरक आत आला. ज्यांच्यावर गाव खवळले आहे अशा सावकारांना आणि सरदारांना त्यातून सोडवणे हा या मधुरकाचा धंदा. चेहरा लोण्यासारखा, आवाज त्याहून मऊ.

"रडा, शेटजी," तो म्हणाला. "मोकळेपणी रडा. पण क्षमा मागू नका. क्षमा मागितली की लोक विचारतात, कशाची?"

"ते मला फाडून खातील रे!"

"त्यांच्या हातांत दगड आहेत, ते काही खाली ठेवणार नाहीत. आपण फक्त त्यांची तोंडे दुसरीकडे वळवायची. डोहात यक्ष आहे म्हणतात ना? त्याने नाव ओढली."

"आणि तो चिडला तर?"

"यक्ष?" मधुरक हसला. "शेटजी, तो काय तुमच्या दारात येणार आहे?"

सोमिलशेट दारात उभा राहून रडला. ते रडणे खरे होते, म्हणून पुढचे खोटेही खपून गेले. गर्दी डोहाकडे वळली. संध्याकाळपर्यंत पाण्यावर झेंडूचे हार तरंगू लागले. काठाला बकरी बांधली गेली. सोमिलशेटच्या नावा पुन्हा भरून जाऊ लागल्या; सांधे तेच, डोळे तेच.

पण भ्यालेल्या माणसांचे एका उत्तराने भागत नाही. यक्ष इतकी वर्षे गप्प होता, मग आताच का खवळला, असे लोक विचारू लागले. मधुरकाकडे त्याचेही उत्तर होते. बाहुक नावाडी डोहात थुंकला म्हणे. बाहुक काय परत येऊन नाही म्हणणार होता? ही गोष्ट राजवाड्यात पोचली आणि राजाने दवंडी पिटवली, की अमावास्येला भर माध्यान्ही बाहुकाची बायको उत्पला हिला यक्षाला अर्पण करावे, म्हणजे त्याचा कोप शांत होईल.

दवंडी ऐकताच सोमिलशेटने मधुरकाला गाठले. "मधुरका, हे भलतेच झाले. थांबव हे!"

"थांबवतो की," मधुरक म्हणाला. "मग तिच्या जागी डोहात कोण जाईल, ते तेवढे सांगा."

सोमिलशेटने दार लावून घेतले.

अमावास्येच्या आदल्या दिवशी, रणरणत्या दुपारी, तो एकटाच घाटावर गेला. माणूसकाणूस नव्हते. नावा ओळीने उभ्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे होते. पाखरांचा आवाज एकदम थांबला. डोहाचे पाणी मधोमध फुगले, फुगत फुगत झाडाएवढे झाले, आणि त्यातून आधी झेंडूचे हार वर आले, मग हार घातलेली मान, मग सुळे.

सोमिलशेट पळाला नाही असे कोणी समजू नये. तो पळालाच; फक्त पाय जागचे हलले नाहीत.

"तूच का सोमिल?" यक्षाने विचारले. त्या आवाजाने नावा एकमेकींवर आपटल्या. "तुझ्यामुळे सारे गाव मला जेवू घालतेय. म्हटले, यजमानाला बघून तरी यावे."

"मला खाऊ नका!"

"अरे बाबा, मी जांभळे खातो."

सोमिलशेटला रडू फुटले. "मग तुम्हीच उद्या वर येऊन सांगा ना, की नाव तुम्ही ओढली नाही!"

"परवा एक बकरा परत द्यायला वर आलो होतो," यक्ष खिन्नपणे म्हणाला. "लोकांनी घाबरून आणखी दोन टाकले. मी तोंड उघडले की त्यांना सुळेच दिसतात. उद्या त्या बाईला मी अलगद झेलीन, काठावर ठेवीन. मग ते म्हणतील, यक्षाने नाकारली. तिला दगडांनी मारतील आणि दुसरीला आणतील. तुझे खोटे माझ्या हातून पुसले जात नाही. ते तुझ्याच तोंडाने पुसले जाईल."

"काय बोलू मी?"

"आडवळणाने बोलू नकोस. ज्यांची माणसे गेली त्यांच्याकडे तोंड करून बोल, राजाकडे नको. कोणी विचारायच्या आत बोल. काय केले नाहीस तेही सांग. आणि दुसऱ्याच्या तोंडून वदवू नकोस."

"ते मला मारतील."

"मारतीलही," यक्ष म्हणाला. "ती भीती मला काढून घेता येत नाही. पण मी इथेच असेन, पाण्याखाली. तुझ्या अगदी शेजारी."

"एवढे हार, एवढे नैवेद्य... तुम्हाला ते नकोत?"

यक्षाने गळ्यातला हार काढून पाण्यावर सोडला. "त्याला बुडालेल्यांचा वास येतो," तो म्हणाला आणि खाली गेला.

दुसऱ्या दिवशी माध्यान्ही सारी शंखावती घाटावर लोटली. राजाचे सिंहासनही तिथेच मांडले होते. ढोल असे वाजत होते, की छातीतले ठोके कुठले आणि ढोल कुठले ते कळेना. लाल वस्त्र नेसवून, हळदीकुंकवाने माखून उत्पलेला पायरीवर उभे केले होते. ती रडत नव्हती. समोरच्या नावांकडे एकटक बघत होती.

"आता दोन शब्द बोला," मधुरक सोमिलशेटच्या कानाशी लागला. "गावाच्या भल्यासाठी, वगैरे."

सोमिलशेटने उपरण्याखालून फळी बाहेर काढली. तो राजाकडे पाठ करून, ज्यांची माणसे बुडाली त्यांच्याकडे वळला आणि नखांनी फळीवरचा डोळा खरवडू लागला. रंगाचे पापुद्रे गळाले. खाली काळा, भुसभुशीत, बोट घातले तर आत जाईल असा सांधा होता. राळेचा थेंब नव्हता.

"मी राळ घातली नाही," तो म्हणाला. मागच्यांना ऐकू गेले नाही, म्हणून पुन्हा म्हणाला. "जत्रा हातची जाईल म्हणून नुसते डोळे रंगवले. तुम्ही ते बघून चढलात. या सगळ्या नावा तशाच आहेत, आज एकीतही बसू नका. बाहुक थुंकला नव्हता. यक्षाने काही केले नाही. तुमची माणसे मी बुडवली."

ढोल थांबले. मधुरक तेवढ्यात गर्दीतून निसटून जांभळाच्या झाडावर चढला होता.

पहिले वल्हे सोमिलशेटच्या खांद्यावर बसले. मग कोणाचे काय, ते कळलेच नाही. "यालाच टाका!" अशी आरोळी उठली, आणि राजानेही हात हलवून होकार दिला. शंभर हातांनी त्याला उचलले आणि डोहात भिरकावले. कानांत पाणी शिरले, वरचा उजेड हिरवा झाला, मग काळा झाला. सोमिलशेटला वाटले, त्या लोकांनाही शेवटी हेच दिसले असेल.

आणि त्याच्या पाठीखाली एक तळहात आला.

यक्ष त्याला घेऊन वर आला तेव्हा निम्मे गाव पळाले. राजा सिंहासनामागे गेला. जागची हलली नाही ती एकटी उत्पला. यक्षाने ओल्या गोळ्यासारखा पडलेला सोमिलशेट तिच्या पुढ्यात ठेवला आणि जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाला, "बाई, याने माझ्यावर आळ घेतला, तो मी सोडला. पण तुझे माणूस गेले. तुझे तू सांग."

उत्पलेने कपाळावरचे कुंकू पदराने पुसले.

"शेटजी," ती म्हणाली, "तुम्ही मेलात तर उद्या दुसरा कोणी येऊन डोळे रंगवील. तुम्ही जगा. सांधे भरून झाले की दरवर्षी एकेका नावेत एकटे बसा, याच डोहावरून पलीकडे जा आणि परत या. तुम्ही परत आलात, तरच त्या नावेवर डोळे रंगवायचे."

पुढे जन्मभर सोमिलशेट तसेच करीत राहिला. दर वेळी डोहाच्या मध्यावर त्याला तीच भीती गाठे, आणि दर वेळी नावेखालून काहीतरी मोठे, शांत असे सोबतीने जात असल्याचे त्याला जाणवे. शंखावतीची नाव त्यानंतर कधी उकलली नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली, ती आजाऱ्यांसाठी ठेवलेले तुपाचे मडके फुटले त्या दिवशी. मडके एका भिक्खूच्या हातून फुटले होते, आणि मांजराला मात्र काठ्या मारून हाकलले गेले होते. शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, त्या जन्मीचा सोमिलशेट म्हणजे खाली मान घालून बसलेला हा भिक्खू. 'मांजराचे नाव सांग' असे त्याच्या कानात सांगणारा त्याचा सोबती, तो मधुरक. जिने तूप दिले ती उपासिका, ती उत्पला. आणि डोहातला यक्ष मीच होतो. ज्याने आपल्यावर आळ घेतला, त्याच्याच भीतीशेजारी उभे राहणे, याला क्षांती म्हणतात."

तो भिक्खू उठला आणि मांजराला शोधायला बाहेर गेला.