टिटवी वर्गात येऊन बसली

खूप खूप पूर्वी, माणसाच्या पायवाटा रानापर्यंत पोचायच्याही आधी, एका गवताळ माळावर पशुपक्ष्यांच्या शाळा भरत. प्रत्येक शाळेला काट्यांचं कुंपण असे. दुसऱ्याच्या शाळेत डोकावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात डोकावणं, असं तिथले शिक्षक मानत. त्यामुळे कुणाकडे काय शिजतंय आणि काय करपतंय, ते कुणालाच कळत नसे.

तिथे एक तरुण सशीण पिल्लांना शिकवी. विषय एकच, कोल्हा ओळखणं. वाऱ्याने गवत हलतं ते सगळं एकदम. कोल्हा येतो तेव्हा गवतात एकच रेघ हलते, थांबत थांबत पुढे सरकते. रेघ दिसली की करवंदीच्या जाळीत पळायचं.

एवढं आलं की जगणं आलं. पण मागच्या हिवाळ्यात तिची काही पिल्लं माळावरून परतली नव्हती. शेजारच्या टिटवीच्या शाळेतलीही नव्हती. तेव्हापासून सशिणीच्या घशाखाली घास नीट उतरत नसे. शाळेत तर सगळ्यांना सगळं येत होतं!

पुन्हा हिवाळा तोंडावर आला, तेव्हा सगळ्या शाळांवर देखरेख करणाऱ्या म्हाताऱ्या साळिंदराने दोघींना बोलावलं.

"आता एकमेकींच्या शाळेत जाऊन बसा," तो म्हणाला. "माझ्याकडे चुगल्या आणायच्या नाहीत. दिसेल ते एकमेकींनाच सांगायचं."

नव्या सुनेचा पहिला स्वयंपाक बघायला सगळं घर चुलीपाशी जमावं, तसं सशिणीला झालं. तिने पिल्लांकडून तोच धडा पुन्हा पुन्हा घोटून घेतला. "उद्या टिटवीबाई येतील. माझी लाज राखा रे!"

टिटवी आली आणि मागे बसली. सशिणीने पायाने हळूच वेल ओढली. वेलीला बांधलेलं लाकूड गवतातून सरकलं, रेघ उठली. "कोल्हा!" पिल्लं ओरडली आणि क्षणात जाळीत गडप झाली.

सशिणीला राहवेना.

"काय ते सांगून टाका, टिटवीबाई."

"पोरी, तुझ्या पिल्लांनी गवताकडे एकदाही पाहिलं नाही."

"मग कुठे पाहिलं?"

"तुझ्या कानांकडे. वेल ओढण्याआधी तुझे कान ताठ होतात. पिल्लं कान बघून पळतात."

सशिणीचे डोळे भरून आले, आणि त्याहून जास्त राग आला. "तुमची पिल्लं तरी मोठी हुशार लागून गेलीत!"

"ते मला कसं दिसणार? उद्या तू येऊन बघ."

दुसऱ्या दिवशी सशीण गेली. कोल्हा आला म्हणून टिटवी ओरडू लागली की तिची पिल्लं जमिनीला अशी चिकटून बसत की दगड वाटत. पण टिटवी ओरडायची थांबली की ती लगेच उठून चालू लागत. सशिणीने हे चाचरतच सांगितलं. टिटवीने पुन्हा एकदा ओरडून आणि थांबून पाहिलं. पिल्लं तशीच उठून चालू लागली. ती म्हणाली, "खरं आहे. कोल्हा गेला की नाही ते ती बघतच नाहीत. माझा आवाज थांबायची वाट बघतात."

मग दोघींनी ठरवलं. सशिणीच्या शाळेत टिटवीने वेल ओढायची, सशिणीने पिल्लांच्या मागे बसायचं. टिटवीच्या शाळेत टिटवीने मध्येच गप्प व्हायचं, सशिणीने गवतात कोल्ह्याची रेघ हलती ठेवायची.

पहिल्याच दिवशी सगळा फज्जा उडाला. वाऱ्याची झुळूक आली तर सशाची पिल्लं जाळीत पळाली. खरी रेघ उठली, तर वळून बाईंना शोधू लागली. आया कुंपणाशी येऊन कुजबुजू लागल्या. "आधी तर सगळं येत होतं गं. या बाईनेच बिघडवलं!"

सशिणीला वाटलं, जुनंच बरं होतं. निदान दिसायला तरी.

"उद्यापासून पुढे बसते मी," ती म्हणाली.

"बस की," टिटवी म्हणाली. "पण माळावर यांच्यापुढे कोण बसणार आहे?"

सशीण मागेच बसत राहिली. थंडी वाढत गेली. दोन्हीकडची पिल्लं कधी ओळखत, कधी चुकत. रोज सकाळी टिटवी वेल ओढायला येई, रोज दुपारी सशीण तिच्याकडे जाई.

एका सकाळी टिटवी अजून यायची होती. सशीण गवताकडे पाठ करून दंगा करणाऱ्यांना दटावत होती. तिला काही दिसलं नाही, काही ऐकूही आलं नाही.

"बाई, रेघ!" एक पिल्लू किंचाळलं.

सगळी उधळली. त्यांच्या मागोमाग सशीणही जाळीत शिरली आणि तिच्या शेपटीशी कोल्ह्याचे दात वाजले. आत अंधारात तिने प्रत्येकाला नाकाने चाचपलं. सगळी होती.

त्या हिवाळ्यात दोन्ही शाळांतलं एकही पिल्लू हरवलं नाही. ते पाहून माळावरच्या बाकीच्या शिक्षकांनीही, आधी जरा कुरकुरत, आपापलं कुंपण उघडून एकमेकांना वर्गात बसवलं.

तात्पर्य : शिकवणाऱ्याला स्वतःचं शिकवणं दिसत नाही; ते दाखवणाऱ्या सोबत्याला जो वर्गात बसवतो, त्याचेच विद्यार्थी खरे शिकतात.