सरोवरात पेरलेला दगड

एका राज्यात वाटा कमी आणि पाणी फार. दूर चीनदेशीचं ते राज्य. घराच्या मागच्या दाराला कालवा, पुढच्या दाराला कालवा. भाजी नावेतून यायची, नवरी नावेतून जायची, आणि शेजारणींची भांडणंसुद्धा दोन नावांत उभं राहून रंगायची. नगराबाहेर देवळं, देवळांपलीकडे अफाट सरोवर, आणि नगराच्या मधोमध राजाची बाग. बागेच्या पांढऱ्या भिंतीत चंद्रासारखं गोल दार, आत कमळांचं तळं, आणि जागोजागी मानानं उभे केलेले दगड. हसू नका. त्या राज्यात फुलांपेक्षा दगडांचा तोरा मोठा होता.

दगड साधा नव्हे, भोकाभोकांचा. असा दगड डोंगरात मिळत नाही, तो पेरावा लागतो. पणजोबानं धडधाकट शिळा सरोवरात सोडायची, पाण्यानं ती सावकाश कोरायची, आणि पणतवंडानं वर काढून बागेत उभी करायची. सोडणाऱ्याला तो कोरलेला दगड कधी दिसत नसे, आणि काढणाऱ्यानं सोडणाऱ्याचं तोंड पाहिलेलं नसे. तरी लोक सोडत राहिले. रीत एकच होती, एक दगड काढायचा तर आधी दुसरा सोडायचा.

राजा वेइ भला माणूस. राणी मिंगशूही गुणाची, पण तिला दम म्हणून नव्हता. कळी दिसली की बोटांनी उघडून पाही. भात शिजत असला की सतरा वेळा झाकण काढी. वसंताच्या उत्सवाला शेजारचे राजे बाग पाहायला येणार होते, आणि त्यासाठी तळ्याकाठी नवा दगड हवाच, असा तिनं हट्ट धरला.

नावाडी हात जोडून म्हणाले, "राणीसरकार, सरोवरातल्या दगडाला अजून एकच भोक आरपार पडलं आहे. बाकीची नातवंडांच्या काळात पडतील."

"माझ्या काळात काढा," राणी म्हणाली.

"बदली दगड आधी सोडायचा ना?"

"तो नंतर सोडू. उत्सव तोंडावर आला आहे."

राजानं हे ऐकलं, पण तिला अडवलं नाही. त्याचा तिच्यावर जीव होता, दुसरं काय. दगड निघाला, वाजतगाजत नगरात आला, तळ्याकाठी उभा राहिला. राणी एकटीच त्याला निरखत होती, तेवढ्यात त्या एकुलत्या भोकातून सरोवराचा आवाज आला.

"मिंगशू, तुला वाट पाहवत नाही ना? मग वाट पाहायला आता तू एकटी राहा."

राणी मागं वळली तर बागेत कोणी नाही. मंडपातल्या पेल्यांतून चहाची वाफ निघत होती, आणि पेले धरणारे नव्हते. ती कालव्यावर धावली. नावा रिकाम्या, पूल रिकामे, रेशमाच्या बाजारात ठाण उलगडलेलं आणि मोजणारा नाहीसा. मग तिनं पाण्यात पाहिलं. पाण्यात सगळं नगर होतं. खालच्या पुलांवरून माणसं जात होती, खालच्या चहाच्या दुकानांत दिवे लागले होते, राजा वेइ देवळाच्या पायरीवर उभा होता. वर मात्र कोणाचीही सावली पडत नव्हती.

बागेच्या तळ्यात, कमळांच्या पानांमधे, तिची सात वर्षांची लेक लिएन पायरीवर पाय हलवत बसली होती. राणीनं हाक मारली. पोरीनं मान वर केली नाही. राणीनं तिला धरायला पाण्यात हात घातला, आणि लिएनचे तुकडे तुकडे होऊन पाणीभर पसरले. पाणी निवळलं तेव्हा पोरगी पुन्हा तिथंच बसलेली होती. त्या दिवसापासून राणीनं तळ्याला बोट लावलं नाही.

नगरात एकच जीव मागं राहिला होता, कोळ्यांचा एक पाणकावळा. कोळी त्या पक्ष्यांच्या गळ्याला दोरी बांधतात, म्हणजे मासा पकडावा त्यांनी आणि गिळावा कोळ्यानं. दोरी सोडणारा पाण्यात गेला, आणि पाणकावळा उपाशी तडफडत होता. राणीनं दोरी कापली. पाणकावळ्यानं आधी पोटभर मासे खाल्ले, आणि मग तो बोलला.

"राणी, तीन कामं आहेत. काढलेला दगड परत ठेव. बदली दगड सोड. तिसरं काम, वाट पाहा. जुना दगड पुरता कोरला गेला की तो वर काढ. त्या दिवशी तुझी माणसं येतील."

"किती वाट पाहू?"

"ते पाण्याला ठाऊक. मी दर वसंतात बुडी मारून बघून येईन."

पहिलं काम ऐकायला सोपं. करून पाहा म्हणजे कळेल. जो दगड वीस नावाड्यांनी आणला, तो एका राणीनं न्यायचा. तिनं बांबूचे ओंडके खाली सारले, दोर खांद्याला लावला, आणि उन्हाळा सरेपर्यंत त्याला इंच इंच ओढत घाटावर नेलं. हातांचे फोड फुटले, पुन्हा आले, पुन्हा फुटले. दिवे लागायच्या वेळी ती तळ्याशी येई आणि लिएनला दिवसभराचं सगळं सांगे. पोरगी ऐकत नव्हती, तरी सांगे. माणसाला कोणाशी तरी बोलावं लागतं. शेवटी दगड होता तिथं पाण्यात गेला.

दुसरं काम डोंगरातल्या देवळामागचं. तिथली एक धडधाकट शिळा तिनं स्वतः निवडली, आणि बर्फ पडायच्या आत सरोवरात सोडली. पाण्यावर चार वर्तुळं उमटली आणि मिटली. ही शिळा कोरून झालेली पाहायला आपण नसू, हे तिच्या तेव्हा पहिल्यांदा नीट ध्यानात आलं.

मग तिसरं काम सुरू झालं, आणि या बाईला तेच नेमकं येत नव्हतं. पहिला वसंत आला. पाणकावळा बुडी मारून वर आला आणि म्हणाला, "नाही." दुसरा आला. "नाही." पुढं पुढं तर तिनं विचारणंच सोडलं. ती रिकाम्या देवळांत झाडलोट करी, घंटा वाजवी, आणि ऐकायला कोणी नसताना घंटेचा नाद कालव्यांवरून फिरून तिच्याकडेच परत येई. चहा करायची तर पेले दोन मांडायची, मग एक उचलून ठेवायची. एकटेपणा फार वाईट, बाबांनो. शत्रूवरही येऊ नये.

एका हिवाळ्यात पुलांवरून परमुलखातला एक मांत्रिक चालत आला. करड्या झग्याचा, गोड जिभेचा.

"राणी," तो म्हणाला, "पाण्याला युगं लागतील. ही माझी छिन्नी घे. एका घावाला एक भोक. पाण्यात धर, बुडणार नाही, आणि तूही बुडणार नाहीस."

राणीला मोह पडला. तुम्हाला पडला नसता? ती सरोवरात उतरली, दगडापाशी पोचली आणि तिनं एक घाव घातला. भोक पडलं, गोल आणि सुबक. वर येऊन तिनं पाण्यात पाहिलं, तर खालच्या नगरातला एक सबंध पूल माणसांसकट काळा पडला होता. आणखी एक घाव, आणि कदाचित देवळाची पायरी, कदाचित कमळांचं तळं. तिनं छिन्नी मांत्रिकाच्या पायाशी टाकली.

"घेऊन जा. मी थांबते."

मांत्रिक हसला. त्याला नगरातली मागं राहिलेली रत्नं हवी होती आणि राणी दगडापाशी गुंतून वाटेतून बाजूला व्हायला हवी होती, एवढंच. ती हलत नाही हे पाहून तो रिकाम्या हातानं गेला. दगडाच्या त्या खोट्या भोकावर शेवाळ चढलं, पाण्यानं ते घासून घासून आपलं केलं, तेव्हा काळा पूल हळूहळू उजळला. पण त्यात कितीतरी वसंत वाया गेले.

राणीचे केस पांढरे झाले. लिएन सातच वर्षांची राहिली. एका संध्याकाळी राणीला सोसवेना. तळ्याच्या पायरीवर बसून तिनं एक पाऊल पाण्यावर धरलं. उडी टाकली असती तर ती खालच्या नगरात पोचली असती, लेकीच्या शेजारी, कायमची. तिला ते ठाऊक होतं.

पाणकावळा भिंतीवर बसला होता. तो म्हणाला, "जायचं तर जा. तिच्या शेजारी बसशील. पण तिथं भूक नाही, ऊब नाही, आणि ती कधी मोठी होणार नाही. वर दगड काढायला कोणी उरणार नाही."

राणीनं पाऊल मागं घेतलं, पदरानं डोळे पुसले आणि देवळात घंटा वाजवायला गेली.

त्यानंतरच्या एका वसंतात पाणकावळा बुडी मारून वर आला आणि या वेळी "नाही" म्हणाला नाही. राणीच्या ध्यानात आलं. तिनं दोर घेतला, नाव घेतली, आणि सरोवरात गळ टाकला. दगड अलगद वर आला. पाण्यानं त्यातलं जड तेवढं नेलं होतं, उरली होती नुसती भोकं आणि त्यांना सांभाळणारी एक नाजूक जाळी. त्याच्यातून पहाटेचं ऊन आरपार आलं.

घाटावर दगड टेकताच कालव्यांतून गलका उठला. चहावाला ओरडू लागला, बाजारात ठाण मोजून झालं, दोन नावा एकमेकींवर आदळल्या आणि भांडण जुंपलं. राजा वेइ देवळाच्या पायरीवरून उतरला, होता तसाच तरणा, आणि विचारू लागला, "राणी कुठं आहे?" कोणाला पत्ता नव्हता. त्यांच्या लेखी एक श्वास घेऊन सोडला होता, तेवढंच.

राणी गोल दारातून बागेत आली. समोरून लिएन धावत आली आणि म्हातारीला पाहून थबकली.

"आजी, माझी आई पाहिलीत का? आत्ता इथं होती."

"मीच तुझी आई, लिएन."

पोरीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. पांढरे केस पाहिले, दोरानं सोलवटलेले हात पाहिले, डोळे पाहिले. डोळ्यांपाशी ती पुष्कळ वेळ थांबली.

"मग एवढा उशीर का केलास?"

"दगड जड होता, बाळ."

"मला हाक मारायचीस. मी आले असते."

राणीनं लेकीला उचलायला हात पुढं केले, पण हातांत तेवढं बळ उरलं नव्हतं. तेव्हा लिएननंच तिचा हात धरला आणि सावकाश, म्हातारीच्या पावलांनी, तिला राजाकडे घेऊन गेली. शाप फिटला, नगर आपल्या जागी आलं, आणि कहाणीही इथंच थांबते.