मटणाच्या मशीनवरचं गाभाऱ्याचं दार

बशीर मुलाण्यानं मटणाचं दुकान बंद केलं, तेव्हा त्याचं हाडं कापायचं मशीन तातोबा सुतारानं घेतलं. सोडा टाकून उकळत्या पाण्यानं घासलं, जुना पात्याचा पट्टा काढून लाकूड कापायचा चढवला आणि देवळाच्या गाभाऱ्याचं सागवानी दार त्यावरच कापलं.

दार बसवायच्या दिवशी ट्रस्टचे अध्यक्ष भाऊसाहेब इंगवले भर सभामंडपात कडाडले, "बाटलेल्या मशीनवरचं दार देवाला? चुलीत घाला ते! आणि ह्या सुताराला पुन्हा देवळाचं काम नाही."

तातोबानं हातातला रंधा खाली ठेवला.

"भाऊसाहेब, दर रविवारी बशीरभाई तुमच्यासाठी नळ्या ह्याच मशीनवर कापायचा. मी मशीन धुतलं, पट्टा बदलला, मगच देवाच्या कामाला लावलं. तुम्ही आतनं काय बदललंत, म्हणून रोज गाभाऱ्यात जाता?"

मंडपात कुणी हसलं नाही. रविवार सगळ्यांच्याच घरी होता. भाऊसाहेब उपरणं सावरत निघून गेले आणि दार बसलं.

आठवड्याभरात त्या दारावर पितळी पाटी आली, 'भाऊसाहेब इंगवले यांच्या सौजन्याने'. तिचे स्क्रू मात्र तातोबालाच आवळायला लावले.