भाजलेला गाल

“लेयर म्हणजे काय ते मला कळलं नाही, असं का म्हणता चाचा?” तेजलनं विचारलं. “या एका फोटोत वीसएक तरी घातलेत मी.”

मुजावर चाचा चष्मा पुसत होते.

“घातलेस ते दिसतंय,” ते म्हणाले. “काढता येतात का?”

तेजलला हसू आलं. काढायला काय लागतं? एक क्लिक.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत चाचांचा जुना फोटो स्टुडिओ होता. रोलच्या काळात ते निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं काम करत. आता कॉलेज सुटलं की तेजल त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करायला शिकत होती. लेयर म्हणजे फोटोवर ठेवलेली काच, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. जे रंगवायचं ते काचेवर, खालच्या फोटोला हात लावायचा नाही. स्क्रीनच्या कडेला लेयरांची यादी असते आणि प्रत्येक लेयरपुढे एक छोटा डोळा. तो मिटला की ती काच दिसेनाशी होते.

तेजलनं हे पक्कं धरून ठेवलं होतं. आता तिला एका गिऱ्हाइकाच्या लग्नाचा अख्खा अल्बम एकटीनं करायचा होता. चाचांची अट एकच होती. आधी गौराक्कांनी दुरुस्तीला दिलेला फोटो. आक्कांनी तो घरी नेला, की अल्बम तुझा.

गौराक्कांचे मालक जाऊन उद्या वर्ष होणार होतं. भिंतीवर लावायला घरात त्यांचा एकच फोटो निघाला होता, तोही तोंडावरून आडवी भेग गेलेला.

दुपार कलताना आक्का आल्या आणि बाकावर टेकल्या. तेजलनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. मागे निळा पडदा, अंगात काळा कोट, लाल टाय, तुकतुकीत गोरा चेहरा.

आक्कांनी बराच वेळ पाहिलं.

“लई झ्याक हाय,” त्या म्हणाल्या. “कोन सायब म्हनायचं ह्ये?”

तेजलचे कान तापले.

“तुमचे मालकच की, आक्का.”

“आमचं?” आक्कांना हसू फुटलं. “अगं बाय, आमचं मालक गुऱ्हाळावर गुळव्या हुतं. रस उकळत्या कायलीपाशी कोट घालून कोन उभारंल?”

“गेलेल्या माणसाला सगळेच स्टुडिओवाले कोट घालतात, आक्का. तशी रीतच आहे.”

“घालू देत की. पर ह्येंचा गाल कुठं गेला?”

तेजलला आठवलं. उजव्या गालावर एक काळपट चट्टा होता. कागद खराब झालाय असं समजून तिनं तो पुसला होता. दोन संध्याकाळी खर्ची घालून, अगदी मन लावून.

“कायलीतली काकवी उडाली हुती,” आक्का म्हणाल्या. “लग्नाच्या आदी.”

चाचा खुर्ची ओढून बसले आणि माउस हातात घेतला.

कोटाचा डोळा मिटला. टायचा मिटला. निळा पडदा जाऊन चुन्याची भिंत आली. गोरेपणा गेला... मग गाल आला. एकेका डोळ्याबरोबर तेजलला आपली एकेक संध्याकाळ जाताना दिसत होती.

शेवटी नुसता खालचा फोटो उरला. कळकट, आणि तोंडावर आडवी भेग.

“हा तर आणला होता तसाच झाला,” तेजल पुटपुटली.

चाचांनी यादी खालपर्यंत नेली आणि एक डोळा उघडला. अगदी पहिला लेयर. तेजलचा हात बसायच्या आधीचा, भीत भीत केलेला.

भेग बुजली. गाल तसाच राहिला.

आक्का बघत होत्या. मग त्यांचा हात आपसूक खांद्याकडे गेला... पदर डोक्यावर आला, आणि त्या बाकावरून उठून उभ्या राहिल्या.

चाचांनी माउस सोडला.

“प्रिंट काढ,” ते हळूच म्हणाले.

आक्का फोटो पदराआड धरून पायऱ्या उतरल्या. त्या वळणावर दिसेनाशा होईतो तेजल दारात उभी राहिली.

“चाचा, त्यात मी काही केलंय असं वाटतच नाही.”

“हं.”

“मग... अल्बम?”

“सोमवारी बस.”

तेजल खुर्चीत बसली. स्क्रीनवर तिची लांबलचक यादी तशीच होती. कोट, टाय, पडदा, गोरेपणा. ती लाजून म्हणाली, “हे बाकीचे सगळे पुसून टाकते.”

चाचांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

“कशाला? असू देत तिथंच. डोळे मिटून.”